३० पैकी ९ पडले, आता पुढे?

पत्र

मॅडम, मी धाराशिव जिल्ह्यातली. दहावीपर्यंत गावाकडे मराठी शाळेत शिकले, अकरावी-बारावी लातूरला मावशीकडे राहून केली. सीईटी या प्रवेश परीक्षेला मार्क चांगले पडले आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग मिळालं. वर्गात आम्ही फक्त ७ मुली. मिड-सेमला गणितात ३० पैकी ९ पडले, मेकॅनिक्समध्ये ११. याआधी मी कधीच नापास झाले नव्हते. सर बोलतात त्यातले सुटे शब्द कळतात, पण त्यांचा अर्थ लागेपर्यंत सर पुढे गेलेले असतात. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागेल म्हणून गप्प बसते. वर्कशॉपमध्ये मुलं ‘दे, मी करतो’ म्हणत जॉब, म्हणजे घडवायला दिलेला धातूचा तुकडा, हातातून घेतात आणि मीही देऊन टाकते. शिक्षण शुल्क माफ आहे, पण खोली आणि मेसचे महिन्याला आठ हजार बाबा सोयाबीनच्या पैशातून पाठवतात. घरी सांगितलंय, पेपर चांगले गेले. माझे काका आधीच म्हणत होते, मुलीला कशाला मेकॅनिकल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, पण अभ्यास होत नाही. कधी कधी वाटतं, नकोच हे सगळं. सोडून गावाजवळ बीएस्सी करू का?

(नाव छापू नये)

उत्तर

अगं, आधी त्या ९ गुणांचंच बोलू, कारण तू त्यांचा जो अर्थ लावला आहेस तो चुकीचा आहे.

सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. बरोबर उत्तर चार पर्यायांत कुठेतरी समोरच असतं आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. लातूरला दोन वर्षं तू याच पेपरची तयारी केलीस. प्रश्न ओळखायचा, सूत्र आठवायचं, नको ते पर्याय खोडायचे आणि पुढे जायचं. त्यासाठी तू मेहनत घेतलीस आणि ती फळाला आली. पण इथे मेकॅनिक्सचा एकेक प्रश्न आठ-दहा गुणांचा असतो, खाली पर्याय नसतात, नुसतं कोरं पान असतं. पहिली ओळ कोणती लिहायची हे तुझं तुला ठरवावं लागतं, आणि ते तुला आजवर कुणी शिकवलेलंच नाही. मी २७ वर्षं पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवलं. दर वर्षी पहिल्या परीक्षेत निम्मा वर्ग तुझ्यासारखाच आपटायचा. त्यांत नव्वदच्या पुढे पर्सेंटाइल असलेली मुलं असायची, पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतली असायची. ती घरी काय सांगायची ते मला माहीत नाही, पण मार्क तेवढेच असायचे.

कोऱ्या पानावर सुरुवात कशी करायची ते एका गणितातून दाखवते. वही घे आणि माझ्याबरोबर कर, नुसतं वाचू नकोस.

गावाकडे माळवदावर चढायला भिंतीला शिडी लावतात, ती डोळ्यांसमोर आण. शिडी ५ मीटर लांब, तिचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर. म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर टेकलं, हे पायथागोरसने तुला सातवी-आठवीतच सांगितलंय. शिडीचं वजन २०० न्यूटन, भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत. शिडी घसरू नये म्हणून जमिनीने किती घर्षण द्यायला हवं?

सूत्र शोधायला धावू नकोस. आधी भिंत पुसून टाक, जमीनही पुसून टाक, कागदावर एकटी शिडी काढ. आता स्वतःला एकच गोष्ट विचार, या शिडीला कोण कोण हात लावतंय? पृथ्वी तिला मधोमध खाली ओढते, तो २०० चा बाण. जमीन पायाला वर उचलते, दुसरा बाण. जमीनच पायाला भिंतीकडे धरून ठेवते, ते घर्षण, तिसरा बाण. भिंत वरच्या टोकाला आडवी ढकलते, चौथा. भिंत गुळगुळीत आहे म्हणून तिचं घर्षण नाही. झाले चार बाण. यालाच तुझे सर फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, आणि पेपर तपासताना त्या चित्रालाही गुण असतात. मी अशा किती उत्तरपत्रिका पाहिल्या, ज्यांत मुलांनी अर्धं पान सूत्रं लिहिली होती आणि चित्र काढलंच नव्हतं!

आता शिडीच्या पायापाशी उभी राहा आणि तिथून मोमेंट घे, म्हणजे प्रत्येक बल गुणिले त्या बिंदूपासूनचं त्याचं लंब अंतर. पायापाशीच का? कारण तुला माहीत नसलेल्या तीन बलांपैकी दोन त्याच बिंदूतून जातात, ती आपोआप गळून पडतात. उरलं काय? भिंतीचा रेटा गुणिले ४, आणि वजन २०० गुणिले १.५. दोन्ही सारखे, म्हणून भिंतीचा रेटा ७५ न्यूटन. आडव्या दिशेला दोनच बाण आहेत, तेव्हा घर्षणही ७५. संपलं गणित.

यात तुला न येणारं काय होतं? गुणाकार-भागाकार तर तू झोपेतही करशील. अडत होतं ते ‘चित्र काढ’ आणि ‘कुठे उभं राहायचं ते ठरव’ या दोन जागी. या दोन जागा सरावाने येतात, आणि सराव म्हणजे व्हिडिओ बघणं नव्हे. व्हिडिओ बघताना प्रत्येक पायरी पटत जाते, म्हणून आपल्याला येतं असं वाटतं. बघायचा तर बघ, पण प्रश्न वाचून झाला की तिथेच थांबव, दहा मिनिटं स्वतः झगड, चुकीचं का होईना चित्र काढ, आणि मग पुढे चालू कर. दिवसाला अशी दोन गणितं पुरेत. वीस गणितं नुसती उतरवून काढण्यापेक्षा ही दोन तुला जास्त देतील.

आता भाषेचं. हे माझ्या फार जवळचं आहे. मीही तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आले होते. पहिल्या महिन्यात प्राध्यापक फळ्यावर ‘मोमेंट’ लिहीत आणि बोलत जात. मोमेंट म्हणजे क्षण एवढंच मला ठाऊक होतं. बलाचा क्षण म्हणजे काय, याचा विचार करत मी तीन आठवडे बाकावर बसून राहिले. कुणाला विचारलं नाही. मराठीत ज्याला परिबल म्हणतात तेच हे, दाराच्या बिजागरीपासून जितकं लांब ढकलू तितकं दार सोपं फिरतं तीच ही गोष्ट, हे मला एका सीनियर ताईने मेसमध्ये पोळीचा घास हातात धरून दोन मिनिटांत सांगितलं. त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. न कळल्याचं तितकं नाही, न विचारल्याचं जास्त.

तुझ्याकडे शब्द आहेत गं, फक्त ते दुसऱ्या कपाटात ठेवलेत. मेकॅनिक्सच्या पहिल्याच धड्यात कॉनकरंट फोर्सेस येतात. शाळेच्या भूमितीत तू एकसंपाती रेषा शिकलीस, तेच ते. कोलिनियर म्हणजे एकरेषीय. कोप्लेनर म्हणजे एकाच प्रतलातले. फ्रिक्शन म्हणजे घर्षण, अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग. एक छोटी वही कर, डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजवीकडे शाळेतला मराठी शब्द आणि एक चित्र. पहिले पंधरा दिवस दमछाक होईल. पण एकेका विषयाचे खरे शब्द ऐंशी-शंभरच असतात, तेच फिरून फिरून येतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही काढली आहेत, त्यांच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. पेपर तुला इंग्रजीतच लिहायचा आहे, तेव्हा मूळ पुस्तक सोडू नकोस. पण एखादा धडा डोक्यात शिरतच नसेल तेव्हा तो आधी मराठीतून वाच आणि मग इंग्रजीकडे जा. यात कमीपणा काहीच नाही.

आणि विचारणं. भर वर्गात हात वर करायचं धाडस आज होत नसेल तर राहू दे. तास संपला की वही घेऊन टेबलाशी जा. ‘सर, मला काहीच कळलं नाही’ असं म्हणू नकोस, त्यावर शिक्षकालाही काय बोलावं ते सुचत नाही. वहीत एका ओळीवर बोट ठेव आणि मराठीत विचार, ‘सर, इथपर्यंत आलं, या ओळीवरून पुढची ओळ कशी आली?’ पुण्यातल्या बहुतेक शिक्षकांना मराठी येतं, आणि सर मराठी नसले तरी वहीवरचं बोट त्यांना कळतं. एक शिक्षिका म्हणून सांगते, सत्तर मुलं मान डोलवत बसलेली असताना कुणाला कळलं नाही हे समजायला आम्हाला काहीच मार्ग नसतो. पहिल्यांदा कुणी वही घेऊन आलं की आमचाही पुढचा तास सुधारतो. एखादे सर वसकतील, तसेही असतात. मग दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे जा, लॅब असिस्टंटना विचार, सीनियर मुलींना गाठ. एका दारावरून परत फिरू नकोस.

वर्कशॉपचं वाचून मात्र मला राग आला, तुझ्यावर नाही, पण आला. त्या मुलांच्या मनात वाईट नसेलही. पण जॉब त्यांनी केला तर हात त्यांचा तयार होतो आणि मार्क तुझ्या नावावर पडतात, आणि त्या मार्कांचा तुला पुढे काडीचा उपयोग नाही. फिटिंगचा जॉब ताकदीचा नसतो. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. बहुतेक नवखी मुलं दोन्हीकडे जोर लावतात, म्हणून दमतात आणि कानसही बोथट करतात. डावा पाय पुढे, जॉब व्हाइसमध्ये साधारण कोपराच्या उंचीला, पुढे जाताना दाब आणि मागे येताना सैल. धातूचा कीस दात्यांत अडकून पृष्ठभागावर ओरखडे पडायला लागले तर कानशीवर खडू घास. मग गुण्या लावून जॉब उजेडासमोर धर. गुण्याच्या पात्याखालून जिथे उजेड दिसतो तिथे खोलगट आहे, जिथे दिसत नाही तिथे उंचवटा. उंचवट्यावर चार हात मार, पुन्हा बघ. माझ्या वर्गातल्या मुलींचे जॉब हळू व्हायचे आणि बरेचदा जास्त चौरस व्हायचे, कारण त्या घाई न करता तपासत राहायच्या. पुढच्या वेळी कुणी ‘दे, मी करतो’ म्हटलं की म्हण, ‘नको, कसं धरायचं तेवढं दाखव.’ जॉब वाकडा झाला तर वाकडाच जमा कर. तो तुझा असेल.

काकांच्या बोलण्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. लीला पूनावाला १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे अल्फा लावलसारख्या कंपनीच्या भारतातल्या प्रमुख झाल्या. तेव्हा तुझ्यासारख्या ७ मुलीही वर्गात नसायच्या. त्यांच्या नावाची संस्था मुलींना शिष्यवृत्ती देते, पुण्यात आहेस तर अर्जाची चौकशी करून ठेव. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनाही आहेत. तुझ्या प्रवर्गाला त्यांतली कोणती लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचार, आणि तारीख जायच्या आत विचार. बाबांचे आठ हजार थोडे जरी हलके झाले तरी तुझ्या डोक्यावरचं ओझं किती उतरेल ते मला कळतं.

बाबांना खरं सांग. मला माहीत आहे, पत्रातलं हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे. पण आत्ता तू एकाच वेळी दोन कामं करते आहेस, अभ्यास आणि लपवणं, आणि दुसऱ्यातच जास्त दमते आहेस. रविवारी फोन करशील तेव्हा आईबाबा दोघं असताना सांग, ‘बाबा, मी खोटं बोलले होते. दोन विषयांत कमी पडले. अभ्यासाची पद्धत चुकली होती, ती बदलते आहे. मुख्य परीक्षा अजून व्हायची आहे.’ बस, एवढंच. रडू आलं तर येऊ दे. बाबा क्षणभर गप्प होतील. गारपिटीत पीक गेल्यावर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरणारा माणूस आहे तो. ३० पैकी ९ त्याला तुझ्याइतके मोठे वाटणार नाहीत.

रात्रीचं जागरण आणि ‘नकोच हे सगळं’ हे वाक्य मी वाचून पुढे गेलेले नाही. हे सगळं म्हणजे इंजिनिअरिंग असेल तर त्यावर खाली बोलते. पण त्या ‘सगळ्या’त तू स्वतःही येत असशील, जगणंच नको वाटत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच १४४१६ वर फोन लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. रूममेटला उठवून सांगितलंस तरी चालेल. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव, ताप आल्यावर दाखवतो तसंच. आणि रात्री बारानंतर पुस्तक मिट. दोनपर्यंत जागून तू अभ्यास करत नाहीस, असं तूच लिहिलं आहेस. मग जागायचं कशाला? सकाळी सहाला उठून तासभर दे.

आता तुझा खरा प्रश्न, सोडू का?

इंजिनिअरिंग सोडणं लाजेचं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या काही मुलांनी सोडलं, त्यातली एक आज उत्तम शाळाशिक्षिका आहे आणि भेटली की हसून बोलते. पण तू आत्ता सोडून मिळवणार काय? बीएस्सीचे प्रवेश या वर्षापुरते होऊन गेले. आज घरी गेलीस तर पुढच्या जून-जुलैपर्यंत घरीच बसावं लागेल, काकांच्या समोर. म्हणजे घाई करून एक दिवसही वाचत नाही. तेव्हा हे वर्ष पूर्ण कर, नव्या पद्धतीने अभ्यास करून दोन्ही सेमिस्टरच्या परीक्षा दे आणि मग उन्हाळ्यात ठरव. तेव्हाही मार्क बघून ठरवू नकोस. गणित सुटल्यावर बरं वाटतं का, वर्कशॉपमधून बाहेर पडताना हाताला तेलाचा वास येतो तो आवडतो का, एखादं यंत्र दिसलं की आत काय असेल असं मनात येतं का, ते बघ. यातलं काहीच होत नसेल, मार्क बरे पडूनही होत नसेल, तर खुशाल सोड. मी तुझ्या बाजूने उभी राहीन. फक्त भीतीपोटी सोडू नकोस, कारण बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाही कोरंच पान असतं.

एखादा विषय राहिलाच तर काय, हेही आत्ताच माहीत करून घे. एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं, पण किती विषय चालतात याचा नियम कॉलेज आणि विद्यापीठाप्रमाणे वेगळा असतो. मेसमधल्या गप्पांवर विसंबू नकोस. परीक्षा विभागात जा, नियमाचं परिपत्रक माग आणि स्वतः वाच. वर्ष राहिलं तर शुल्कमाफीचं काय होतं, हेही त्याच दिवशी विचार. अर्धी भीती त्या परिपत्रकातच विरून जाईल.

मुख्य परीक्षेपर्यंतचे आठवडे मोज आणि सगळ्या विषयांवर सारखे वाटू नकोस. गणित आणि मेकॅनिक्सला रोज वेळ दे, आठवड्यातून एकही दिवस चुकवू नकोस. बाकीच्यांना आळीपाळीने दे. ग्राफिक्सची शीट आणि जर्नल ज्या दिवसाचं त्या दिवशी संपव, सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाची तरी जर्नल समोर ठेवून उतरवण्यात दोन-दोन रात्री जातात आणि त्या नेमक्या परीक्षेच्या तोंडावर जातात. जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत मिळतील. परीक्षेच्या तीन आठवडे आधी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडव आणि सरांना तपासायला दे. कमी पडले तर पडू देत, कुठे कमी पडले ते लाल शाईत लिहून येईल.

आणि एक. वर्गातल्या बाकी सहा मुलींशी बोल. त्यांचे मार्क किती आहेत ते तुला माहीत नाही, तुझे त्यांना माहीत नाहीत. संध्याकाळी मेसनंतर तासभर एकत्र बसा, एकीने फळ्यावर, नाहीतर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर, गणित सोडवायचं आणि बाकीच्यांनी ‘हे का?’ एवढंच विचारायचं. पहिल्या दिवशी शिडीचं गणित तू घे. ते तुला आता येतं.

मुख्य परीक्षा झाली की मला लिही. बाबांशी काय बोलणं झालं आणि जॉबच्या गुण्याखालून उजेड किती दिसला, ते आधी सांग. मार्क नंतर.